मॉक ड्रिल : जखमीपाशी न थांबण्याचा सराव

मोठ्या दुर्घटनेच्या वैद्यकीय सरावात नकली जखमा, लाल रंग आणि विव्हळण्याचा अभिनय यांवर बरीच मेहनत घेतली जाते. ती वाया जाते असे मी म्हणणार नाही. पण या सरावात खरोखर घोटून घ्यायची गोष्ट म्हणजे एका जखमीला सोडून पुढच्याकडे जाणे.

1983 मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे तयार झालेली ‘स्टार्ट’ ही ट्रायज (म्हणजे कोणावर आधी उपचार करायचे हे ठरवण्यासाठी जखमींची वर्गवारी) पद्धत कागदावर अगदी सोपी आहे. जे स्वतः चालू शकतात त्यांना हिरवा टॅग. उरलेल्यांपैकी ज्याचा श्वास थांबला आहे त्याचा श्वासमार्ग मोकळा करायचा. श्वास सुरू झाला तर लाल (तातडीने उपचार हवेत), नाही तर काळा (मृत किंवा वाचण्याची आशा नाही). श्वासाची गती मिनिटाला 30 च्या वर असेल, मनगटाची नाडी लागत नसेल किंवा साधी सूचना पाळता येत नसेल तर लाल, आणि बाकीचे पिवळे (थोडे थांबू शकणारे). हे सारे माणशी मिनिटभराच्या आत उरकायचे असते.

प्रत्यक्ष सरावात मात्र काळा टॅग हातात असलेला अनुभवी डॉक्टर गुडघे टेकून छातीवर दाब द्यायला लागतो, कारण त्याच्या हातांना तेच वळण लागलेले असते, आणि तेवढ्या वेळात दहा पावलांवरच्या जखमीच्या मांडीतून रक्त वाहत राहते. अशा वेळी निरीक्षकाने काही न बोलता त्या दुसऱ्या जखमीच्या गळ्यात काळा टॅग अडकवावा. तासाभराच्या व्याख्यानापेक्षा ते अधिक कळते. (भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याला आधी सांगून ठेवावे, हे वेगळे सांगायला नको.)

दुसरी उणीव रुग्णालयाच्या दारात दिसते. बहुतेक सरावांत जखमी रुग्णवाहिकेतून, टॅगसह, शिस्तीत येतात. टोकियोत 20 मार्च 1995 रोजी भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला गेला, तेव्हा सेंट लूक्स रुग्णालयात त्या एका दिवसात सुमारे 640 रुग्ण आले. त्यांतले बहुतेक पायी किंवा मिळेल त्या वाहनाने पोहोचले होते, आणि त्यांच्या कपड्यांतल्या वायूचा त्रास तिथल्या कर्मचाऱ्यांनाही झाला. म्हणून सराव आखताना हिरव्या जखमींची गर्दी पहिल्या रुग्णवाहिकेच्या आधीच अपघात विभागाच्या दाराशी आणून उभी करावी. त्यांच्यातल्या एकाला अर्ध्या तासाने धाप लागू द्यावी, आणि त्याची पुन्हा तपासणी कोण करते, किती वेळाने करते, याची नोंद ठेवावी.