पहिल्या-दुसऱ्यातला हिसका

सिग्नल सुटला, गाडी जेमतेम 10-15 च्या वेगात सरकली आणि दुसरा गिअर पडताना असा हिसका बसला की मागून आई म्हणाली, "अगं, ब्रेक का मारलास?"

ब्रेकला पाय लागलाच नव्हता. पण आईने पुढची सीट जी घट्ट धरली, ती उतरेपर्यंत सोडली नाही.

माझी गाडी एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी; पण आतून मॅन्युअलच गिअरबॉक्स. क्लच तोच, फक्त आपल्या पायाऐवजी यंत्रणा दाबते. गिअर बदलताना क्षणभर इंजिनची ओढ तुटते, तीच मानेला जाणवते. त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल सोडला की बराच फरक पडतो, हे मला परतताना कळलं. तरी हिसके वाढत चाललेत, म्हणून क्लच तपासून घेणार आहे.

गाडी विकताना नुसतं 'ऑटोमॅटिक' म्हणतात, हिसक्यांचं कुणीच का सांगत नाही?