तुम्ही विचारलंत म्हणून: घोडा चुकीचा पळतो, तरी हेरिंग मोठा का?

व्हिक्टोरियन काळातली घोड्यांची चित्रं दाखवली की मला हमखास विचारतात, हे घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतायत, असा घोडा कधी पळतो का, मग घोड्यांची चित्रं काढणाऱ्या जॉन फ्रेडरिक हेरिंग या इंग्रज चित्रकाराचं एवढं कौतुक कशाला?

नाहीच पळत. 1878 मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून भरधाव घोडीचे फोटो काढले तेव्हा कळलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. पण हेरिंग 1865 लाच गेला होता हो! आणि तेव्हा सगळे तसंच काढायचे, फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या 1821 च्या 'एप्सम डर्बी' या घोड्यांच्या शर्यतीच्या चित्रातही तेच आहे. त्या वेगात नुसत्या डोळ्यांना पाय दिसतच नाहीत.

हेरिंगचा उभा घोडा बघा ना. हा काही आर्ट स्कूलमधून आलेला माणूस नाही, 1814 ला, वय विशीच्या आतच, इंग्लंडमधल्या डॉनकास्टर गावी आला, घोडागाड्यांवरची चिन्हं रंगवली, पबच्या पाट्या रंगवल्या आणि मग स्वतःच प्रवासी गाडी हाकायला लागला, यॉर्क-लंडनच्या 'हायफ्लायर' नावाच्या घोडागाडीवरसुद्धा. म्हणजे कित्येक वर्षं हातात लगाम आणि डोळ्यांसमोर घोडेच, माझ्या मते त्याची खरी शाळा हीच. डॉनकास्टरची सेंट लेजर ही शर्यत जिंकणारे घोडे त्याने सलग 33 वर्षं रंगवले. आणि हे काम सोपं नाही, कारण मालकाला आपलाच घोडा ओळखू आला पाहिजे, कपाळावरचा पांढरा पट्टा, कुठल्या पायाला किती पांढरं, खांद्याचा उतार, सगळं जिथल्या तिथे.

पुढे राजघराण्याची कामं मिळाली, 1845 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या आईने, डचेस ऑफ केंटने, त्याला आपला प्राणीचित्रकार नेमलं. 1848 चं 'फॅरोज हॉर्सेस' तर शोधून बघाच, गोल चित्र, घोड्यांची फक्त तीन डोकी, फुगलेल्या नाकपुड्या, पायांचा प्रश्नच येत नाही.

मला मात्र सगळ्यात जवळची वाटतात ती शेतावरची चित्रं. 1853 पासून तो केंटमध्ये टनब्रिजजवळ राहायला होता. अंगणात डुकरं, बदकं, आणि मध्ये जाड पायांचे, खुरांवर केस लोंबणारे नांगराचे घोडे, ज्यांनी कुठलाच कप जिंकलेला नाही, पण ते त्याने डर्बीच्या घोड्याइतकेच मन लावून काढलेत.