चेप दाखवणारा उजेड

लग्नाचा सीझन संपला की तालुक्याच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो सोडून काम नसतं. पोलीस ठाण्यातून जमादारांचा फोन आला, "सोन्याचे फोटो काढायचेत, मोबाइलवर नुसती चकाकी येते." गेलो. कापूस वेचणीत घरं दिवसभर कुलूपबंद असतात. दोन गावांतल्या घरफोड्यांचा माल एकाच ठिकाणी सापडला होता. डोरलं, काप, नथ आणि एक एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकसरी माळ. एकदाणीवर दोन गावच्या दोन बाया हक्क सांगत होत्या.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे कोर्टापुढे माल आला की १४ दिवसांत त्याचं वर्णन लिहायचं, फोटो काढायचे आणि पुढच्या ३० दिवसांत माल कुणाला द्यायचा ते ठरवायचं. दागिना घरी गेला तरी पुराव्यात फोटो राहतो. तरी ठाण्याला तो पाहिजे होता चहा यायच्या आत.

चकचकीत वस्तूत तिच्यासमोर जे असेल तेच दिसतं. प्रत्येक मण्यात ट्यूबलाइट, खिडकीचे गज आणि कॅमेरा धरलेला मी. लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर काचेची, पाण्याची चमक कापतो. धातूपुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून बटर पेपरचा तंबू केला, बाहेरून दोन एलईडी, लेन्सपुरतं भोक, आणि मण्यांच्या कडा उठाव्यात म्हणून आत काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या. ५० मिमीची साधी लेन्स, मागे जवळून टिपायला एक्स्टेन्शन ट्यूब. इतक्या जवळून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ११ इतकं बारीक ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटरभर खोली फोकसमध्ये येते. मण्याचा माथा स्वच्छ आला की बाजू धुरकट. अ‍ॅपर्चर आणखी बारीक केलं तर सगळंच मऊ पडतं. फोकस थोडा थोडा सरकवत फ्रेम काढून संगणकात जोडता येतात, पण तसा फोटो पाहून वकील पहिलं हेच विचारणार, 'एडिट केला का?' मग ज्या बाजूशी काम आहे ती सेन्सरला समांतर ठेवायची आणि एकाच फ्रेममध्ये भागवायचं. टायमर लावला, पंखा बंद करायला लावला. घामानं भिजलेले पंच माझ्याकडे कसे बघत होते ते सांगत नाही. मापासाठी शेजारी रुपया ठेवा म्हणाले, म्हणजे चमकणारी आणखी एक वस्तू! मी कागदी टेपचा तुकडा लावला.

फोटो सराफाच्या दुकानात टांगावा असा आला. जमादार खूश. दोघींतली म्हातारी मात्र स्क्रीनकडे बघून म्हणाली, "हे माही नाही, बापू."

"आजी, हीच तर समोर ठेवली आहे."

"माहीच्या खालच्या मण्याले चेप हाये. नातवानं चावली होती, दोन दात उमटले."

एकदाणीचे मणी लाखेवर पातळ पत्रा चढवलेले. त्यात दाताची खूण राहणारच. पण बटर पेपरमधून चहूकडून सारखा उजेड आला की खळग्यात सावलीच पडत नाही. तंबू काढला, दिवे मालवले, एक टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा धरला. फोटो दिसायला बेकार, अर्धा मणी काळा, एका जागी पांढरा डाग. पण खालच्या मण्यावर शेजारी शेजारी दोन खळगे.

एवढ्यात जमादारांनी लॅपटॉप दोघींकडे फिरवला. दुसरीला आधी विचारायचं, मग दाखवायचं, एवढं तर शाळकरी पोरालाही कळतं. ती लगेच म्हणाली, "माह्याही एकदाणीले चेप होती."

ती खोटं बोलली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लाखेचे मणी वापरून वापरून चेपतातच. दोघींच्या फिर्यादीत मात्र एकच ओळ: 'सोन्याची एकदाणी, जु.वा.किं.अं.', म्हणजे जुनी वापरती, किंमत अंदाजे, आणि पुढे आकडा. आजीनं दातांची गोष्ट फिर्याद देतानाही सांगितली होती म्हणे. लिहून घेणाऱ्याला ती घरगुती वाटली असणार.

दोन्ही फोटो दिले, मूळ फाइली कार्डात तशाच ठेवल्यात. नंतर केसची फाइल पाहिली तर बटर पेपरवालाच लावलेला, तोही ठाण्याच्या प्रिंटरवर काळापांढरा काढलेला. टॉर्चवाला मी स्टुडिओत आठ बाय दहावर छापून नेऊन दिला. जमादार म्हणाले, "हा खराब आलाय हो, पण असू द्या," आणि ड्रॉवर ओढला. तो फाइलीला लागला का, हे विचारायला फोन करतो. जमादार उचलत नाहीत.