नोटेवरचा देव

मामा, परवा डॉलरची नोट उलटीपालटी करत तुम्ही विचारलंत, "इथे देवावर भरवसा असल्याचं छापलंय. म्हणजे हा देश ख्रिस्ती धर्मावरच उभा राहिला ना?" बॉस्टनला आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा हेच विचारतो.

आधी त्या नोटेचंच बघा. ती ओळ नाण्यावर आली १८६४ मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना. देशाचं ब्रीदवाक्य झाली १९५६ मध्ये, देव न मानणाऱ्या कम्युनिस्टांशी शीतयुद्ध चालू असताना, आणि नोटेवर उमटली त्याच्या पुढच्या वर्षी. देश स्थापणारे तोवर कधीच मातीत गेले होते.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'निर्माता' आहे, येशू नाही. १७८७ च्या राज्यघटनेत तर, तारखेतला 'प्रभूचं वर्ष' हा तेव्हाचा रिवाज सोडला, तर देवच नाही. उलट सरकारी पदासाठी धर्माची अट घालायची नाही, असं सहावं कलम बजावतं. घटना लिहिताना गाडी अडली, तेव्हा रोज प्रार्थनेने सुरुवात करू, असं घटनासभेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलं. ते तसंच राहून गेलं. (आपल्याकडे १९४९ मध्ये ह. वि. कामतांनी उद्देशिकेत 'ईश्वराच्या नावाने' घालायची सूचना मांडली होती. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली.) १७९७ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोली या मुस्लिम राज्याशी तह झाला. अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही, असं त्यात सरळ लिहिलंय, आणि सिनेटने तो एकमताने मंजूर केला.

म्हणून हे लोक नास्तिक होते असं मात्र समजू नका. बहुतेक जण ख्रिस्तीच, आणि आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर चर्चसाठी कर घेणं १८३३ पर्यंत चालू होतं. पण देव मानणाऱ्यांनीच सरकारला देवापासून लांब का ठेवलं, ही मला खरी गोष्ट वाटते. व्हर्जिनियात सरकारी चर्च होतं अँग्लिकनांचं. परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून तिथे बॅप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या धर्मोपदेशकांना तुरुंगात टाकत. पुढे राज्यघटनेचा शिल्पकार ठरलेल्या तरुण जेम्स मॅडिसनने हे जवळून पाहिलं आणि तो संतापला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसननेच लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा त्याने १७८६ मध्ये तिथे मंजूर करून घेतला, तेव्हा पाठीशी हेच बॅप्टिस्ट होते. सरकारने आपल्या देवात लुडबुड करू नये, एवढंच त्यांचं मागणं. धर्म बुडावा असं त्यांच्या मनातही नव्हतं.

त्याच्याही आधीची गोष्ट आमच्याच गावातली. स्वतःच्या धर्मासाठी इंग्लंड सोडून आलेल्या प्युरिटनांनी १६६० मध्ये मेरी डायरला फाशी दिलं. तीही ख्रिस्तीच, पण क्वेकर या वेगळ्या पंथाची. हद्दपार केलं तरी परत येत राहिली, हा तिचा गुन्हा. आता राज्याच्या विधानभवनासमोर तिचा पुतळा आहे. हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसलेली. पुढच्या खेपेला आलात की आधी तिथे जाऊ. नोट काय, कधीही बघता येईल.