तुम्ही विचारलंत म्हणून : अहवालाचा लेख कसा होतो?

'उत्खननाच्या एवढ्या रुक्ष अहवालातून दिवाळी अंकाचा लेख कसा काढता हो?' हे कुणी ना कुणी विचारतंच. बहुतेकांना वाटतं, मी वरून मीठमसाला घालत असेन. तो घातला की लेख हमखास फसतो.

इनामगावचं घ्या. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं वर्षानुवर्षं उत्खनन केलं. 'इ.स.पू. १६०० ते ७०० दरम्यानची ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्ती' (म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबतच वापरात होती तेव्हाची) हे अगदी खरं, पण वाचक इथंच पान उलटतो. म्हणून मी निष्कर्ष बाजूला ठेवतो आणि दफनांच्या नोंदी काढतो. मूल गेलं की त्याला तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्यांना उत्तरेकडे डोकं करून उताणं निजवायचे, पण पावलं घोट्यापाशी तोडून. आणि वस्तीच्या मध्यावर, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांचा कच्च्या मातीचा मोठा रांजण. आत मांडी घालून बसवलेला माणूस, पावलं शाबूत!

याचीच का नाही तोडली? लेख इथून सुरू होतो. घर मोठं, तिथंच धान्याचं कोठार. तेव्हा हा वस्तीचा प्रमुख असावा, असा तर्क तिथं उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकर यांनी मांडला. तर्कच तो. संपादकांना मात्र लगेच 'इनामगावचा राजा' असा मथळा सुचतो, आणि मी तिथं अडून बसतो. संशोधक कशावरून काय म्हणतो, कुठं थांबतो, हेच तर कथानक आहे. ते काढलं तर उरतं काय? पावलं तोडण्याचंही तसंच. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून, असं म्हणतात. असेलही.

अहवालातले तक्तेही मी टाकून देत नाही. वस्तीच्या उत्तरकाळात जव घटतं, शिकारीच्या जनावरांची हाडं वाढतात, ऐसपैस चौकोनी घरांजागी लहान गोल झोपड्या येतात. हे सगळं शेजारी शेजारी मांडलं की ढवळीकर दुष्काळाच्या निष्कर्षापर्यंत कसे पोचले ते वाचकाला आपसूक कळतं. वेगळं 'हवामानबदल' म्हणून ओरडावं लागत नाही.

छापायला देण्याआधी मजकूर एखाद्या पुरातत्त्ववाल्याला दाखवतो. 'रहस्यमय'वर लाल रेघ ठरलेली. शिवाय वस्तूचा आकार कळावा म्हणून फोटोत ठेवलेली मोजपट्टी कापू नका, असं ते दरवेळी बजावतात, आणि मांडणी करणारा दरवेळी नेमकी तीच कापतो.