तेओतिवाकानची टूर घेऊ नका, तेपोस्तेको चुकवू नका

मेक्सिको सिटीत हॉटेलच्या काउंटरवर, मेट्रोच्या तोंडाशी, सोकालो चौकात, जिथे जाल तिथे एकच टूर विकतात: सकाळी ग्वादालुपेची बासिलिका, मग तेओतिवाकानचे पिरॅमिड, जेवणासकट, एका दिवसात. ही टूर घेऊ नका. स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. तेपोस्तेको हे कड्यावरचं देऊळ मात्र चुकवू नका, त्याबद्दल शेवटी सांगते.

आमचा दिवस कसा गेला ते सांगते. व्हॅन सकाळी वेळेवर आली, पण पुढे बराच वेळ हॉटेलं फिरून माणसं गोळा करण्यात गेला. मग बासिलिका. तिथे वेळ भरपूर दिला, पण तेपेयाकच्या त्या टेकडीवर चर्चच्या आधी तोनान्त्सिन या देवीचं ठाणं होतं, स्पॅनिश येण्यापूर्वीही लोक लांबून तिथे येत असत, याबद्दल गाइडनं अवाक्षर काढलं नाही. तिथून थेट दुकान. ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेच्या वस्तूंचं दुकान. आधी 'मागे' नावाच्या घायपातीसारख्या झाडाच्या पानाचं टोक ओढून सुई आणि दोरा एकत्र कसा निघतो ते दाखवतात, पुल्केचा, म्हणजे त्याच झाडाच्या रसाच्या दारूचा, घोट देतात, आणि मग दार लोटून विक्री सुरू. तासाहून जास्त वेळ तिथे गेला. पुढे पिरॅमिडच्या फाटकापाशी फेरीवाल्याकडे तशीच मूर्ती निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. मग बुफे जेवण, त्यात पाणीसुद्धा वेगळ्या पैशांनी. प्रवेशाचं तिकीट 'टूरमध्ये धरलेलं आहे' असं आदल्या दिवशी सांगितलं होतं. फाटकावर त्याचेही पैसे मागितले. वाद घालण्यात अर्थ नव्हता, ऊन डोक्यावर आलं होतं. टूरच्या जाहिरातीत पिरॅमिडच्या माथ्यावर हात पसरून उभी असलेली माणसं होती. २०२० साली चढणं बंद झालं, हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं असं मी मानणार नाही. कुठला टप्पा उघडा आहे ते निघण्याच्या आठवड्यात स्वतः तपासा.

पैशांपेक्षा राग आला तो गाइडच्या गोष्टींचा. त्याच्या मते हे शहर अ‍ॅझ्टेकांनी बांधलं आणि सूर्याच्या पिरॅमिडवर रोज माणसांची काळजं काढली जात. पहिलं साफ खोटं आहे. तेओतिवाकान भरात होतं ते इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, आणि सहाव्या शतकात त्याच्या मुख्य इमारती जळाल्या. अ‍ॅझ्टेकांचं राजधानीचं शहर तेनोच्तित्लान वसलं १३२५ साली. मधे सात-आठशे वर्षं गेलेली. अ‍ॅझ्टेक इथे यायचे ते यात्रेकरू म्हणून, पडक्या शहराला नमस्कार करायला. 'मृतांचा रस्ता', 'सूर्याचा पिरॅमिड', 'चंद्राचा पिरॅमिड' ही सगळी नावं त्यांनी दिलेली. मूळचे रहिवासी आपल्या देवांना कुठल्या नावानं हाक मारत ते कुणालाच माहीत नाही.

पण अ‍ॅझ्टेकांची या जागेबद्दलची जी श्रद्धा होती, ती गाइडच्या भाकडकथेपेक्षा कितीतरी भारी आहे, आणि ती डोक्यात घेऊन गेलात तर तो लांब रस्ता निराळाच दिसतो. जग चार वेळा बुडालं होतं, अंधार होता, आणि सगळे देव इथे तेओतिवाकानात जमले. सूर्य व्हायला कोण तयार? श्रीमंत, नटलेला तेकुसिस्तेकात्ल पुढे आला. त्याच्या बरोबर नानावात्सिन, अंगभर फोडांचा, गरीब. अग्निकुंड पेटलं. तेकुसिस्तेकात्ल चार वेळा काठापर्यंत धावला आणि चारही वेळा मागे फिरला. नानावात्सिननं डोळे मिटून उडी घेतली. तो सूर्य झाला. मागून लाजेनं उडी घेतलेला दुसराही तितकाच तेजस्वी निघाला, म्हणून देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला आणि तो मंद होऊन चंद्र झाला. (चंद्रावर ससा त्यांनाही दिसला, हे वाचून मला फार आनंद झाला होता.) तरीही सूर्य जागचा हलेना. तेव्हा बाकीच्या देवांनी आपले प्राण दिले आणि एकातल, वाऱ्याचा देव, जोर लावून फुंकला, तेव्हा कुठे तो चालू लागला. सोळाव्या शतकात साहागुन या फ्रान्सिस्कन पाद्रीनं नावात्ल, म्हणजे अ‍ॅझ्टेकांची भाषा, बोलणाऱ्या जाणत्यांकडून ही कथा लिहून घेतली. नरबळीकडे या कथेतून पाहावं लागतं: देवांनी जगासाठी रक्त दिलं, ते कर्ज माणसानं फेडायचं. भयंकर वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण 'रानटी लोक होते' एवढ्यावर ते उरकणं हा आळस आहे.

आणि बळींचा खरा पुरावा पाहायचा तर तो आहे सिउदादेला या चौकातल्या पिसांच्या सर्पाच्या देवळात. टूरनं ते वगळलं. तिथे १९८०च्या दशकातल्या उत्खननात शंभराहून जास्त माणसं पुरलेली सापडली, अनेकांचे हात पाठीमागे, गळ्यात माणसांच्या जबड्यांच्या माळा, त्यातल्या कित्येक शिंपल्यात कोरलेल्या नकली. देऊळ बांधतानाच त्यांना अर्पण केलं होतं. दर्शनी भिंतीवर पिसांच्या गळपट्ट्यातून सर्पाची डोकी बाहेर झेपावतात, आणि त्यांच्यामध्ये दुसरंच एक चौकोनी, गोल डोळ्यांचं तोंड. याला पूर्वी सरसकट त्लालोक, म्हणजे पावसाचा देव, म्हणत. आता कुणी मुकुट म्हणतं, कुणी युद्धाचा सर्प. ही भिंत शाबूत राहिली कारण नंतर तिच्यासमोर एक चौथरा बांधून ती झाकली गेली. आम्ही ती पाहिली ते नंतर स्वतःच्या पैशांनी पुन्हा जाऊन.

तर पद्धत अशी. मेट्रोनं आउतोबुसेस देल नोर्ते स्टेशन. वर आलात की समोर बस टर्मिनल. आत शिरून डावीकडे टोकापर्यंत चालत जा, पिरॅमिडची पाटी लावलेला काउंटर दिसेल. सकाळची पहिली-दुसरी गाडी धरा. चालकाला 'पुएर्ता उनो', म्हणजे एक नंबरचं फाटक, म्हणून सांगा, कारण सिउदादेला त्या फाटकाजवळ आहे. तिथून मृतांच्या रस्त्यानं उत्तरेकडे चालत गेलात की चंद्राच्या पिरॅमिडपर्यंत सुमारे दोन किलोमीटर होतात. सावली नाही, जमीन २,३०० मीटर उंचीवर आहे, ऊन लागतंय हे कळायच्या आत कातडी भाजते. टोपी आणि पाणी. सूर्याच्या पिरॅमिडच्या मागच्या बाजूला तेपान्तित्ला नावाचा वाडा आहे, तिथली भित्तिचित्रं चुकवू नका: डोंगरातून वाहणारं पाणी, फुलपाखरं, खेळणारी चिमुकली माणसं. १९४०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी याला त्लालोकचा स्वर्ग म्हटलं. बुडून किंवा वीज पडून मेलेले लोक तिथे जातात अशी अ‍ॅझ्टेकांची समजूत होती. चित्र मात्र अ‍ॅझ्टेकांच्या कितीतरी आधीचं, त्यामुळे आज सगळे अभ्यासक ते मान्य करत नाहीत. टूरच्या व्हॅन इथे फिरकतही नाहीत.

एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: तेओतिवाकानच्या आधी शहरातलं तेम्प्लो मायोर करा. अ‍ॅझ्टेकांचं हे मुख्य देऊळ सोकालोला लागूनच आहे. वर दोन गाभारे होते, उत्तरेला त्लालोक, पाऊस आणि शेती. दक्षिणेला विट्सिलोपोच्त्ली, सूर्य आणि युद्ध. पोट आणि तलवार शेजारीशेजारी. देऊळ वाढवताना जुनं पाडलं नाही, जुन्यावर नवं असं सात वेळा चढवत नेलं, आणि आता तुम्ही त्या थरांमधून चालता. त्लालोकच्या बाजूला चाकमूलची मूर्ती आहे, पाठीवर रेलून पोटावर भांडं धरलेली. तिच्यावर अजून रंग आहे.

२१ फेब्रुवारी १९७८ ला वीज कंपनीच्या कामगारांना खणताना इथे सव्वातीन मीटर व्यासाची शिळा लागली: कोयोल्शाउकी या देवीची. ही शिळा समोरून पाहू नका, संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर जा आणि कठड्यावरून खाली पाहा. तेव्हाच ती उलगडते. मुंडकं मागे टाकलेलं, गालांवर घंटा, हातपाय सांध्यांपासून तुटून फिरत असल्यासारखे, गुडघ्याकोपरांवर दात विचकणारी तोंडं, कमरेला दोन तोंडांच्या सर्पाचा पट्टा. तिची आई कोआत्लिक्वे कोआतेपेक डोंगरावर झाडत असताना पिसांचा गोळा कमरेला खोचते आणि गरोदर राहते. ही मुलगी चारशे भावांना घेऊन आईला मारायला येते. त्याच क्षणी विट्सिलोपोच्त्ली शस्त्रासकट जन्मतो, तिचं डोकं उडवतो आणि धड डोंगरावरून खाली लोटतो. आता शिळा कुठे सापडली ते पाहा: विट्सिलोपोच्त्लीच्या बाजूच्या जिन्याच्या पायथ्याशी. देऊळ म्हणजेच तो डोंगर. वरून बळींची शरीरं खाली लोटली की ती तिच्यावर येऊन पडत, तीच कथा पुन्हा घडत असे. हे समजल्यावर मी तिथून बराच वेळ हलले नाही. त्याच संग्रहालयात मृत्यूचा देव मिक्त्लानतेकुत्लीची मातीची, पुरुषभर उंचीची मूर्ती आहे, बरगड्यांखालून हृदय-फुप्फुसं नव्हे तर यकृत लोंबतंय. तिच्यापुढेही थांबा.

मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय उत्तम आहे, सगळेच सांगतात. फक्त दोन सूचना. सोमवारी तेही बंद आणि तेम्प्लो मायोरही. रविवारी स्थानिकांना मोफत, म्हणजे मुंगीलाही वाट नाही. आत सरळ मेशिका, म्हणजे अ‍ॅझ्टेकांच्या, दालनात जा. तिथल्या सूर्यशिळेला, म्हणजे मोठ्या गोल कोरीव दगडाला, कुणी 'कॅलेंडर' म्हटलं तर मान हलवू नका; वीस दिवसांची चिन्हं तिच्यावर आहेत खरी, पण मधल्या तोंडाभोवतीचे चार चौकोन म्हणजे बुडालेली चार जगं, आणि हे पाचवं भूकंपानं संपणार.

आता तेपोस्तेको. याच्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. 'चाळीस मिनिटांची छान चाल' असं आम्हाला हॉटेलात सांगितलं. छान चाल नाही. तेपोस्त्लान हे गाव शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, मोरेलोस राज्यात. तास्केन्या मेट्रोजवळच्या दक्षिण टर्मिनलवरून बस. गावामागच्या कड्यावर, साधारण चारशे मीटर वर, तेपोस्तेकात्लचं छोटं देऊळ आहे. सिंहगड पायी चढत असाल तर हाही चढाल, पण इथे जवळजवळ सगळा दगडी पायऱ्यांचा चढ, उंची सारखी नाही, आणि झाडीमुळे दगड ओले. शेवटचा टप्पा सर्वांत वाईट: दोन कड्यांमधली घळ, तिच्यात लोखंडी जिना, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वाटेनं. माझ्या पुढच्या बाई चप्पल घालून आल्या होत्या आणि मध्येच अडकल्या. मागे सगळी रांग तटली. चांगल्या पकडीचे बूट घाला. पावसात अजिबात जाऊ नका. दरडी कोसळल्या की वाट महिनोन्‌महिने बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या. गुडघा दुखत असेल तर खाली बाजारात बसा, मनाला लावून घेऊ नका. तिकीट वरच्या टोकाला काढायचं असतं, रोख लागते. वर पाणी मिळालं तर भलत्याच किमतीला. कोआती नावाच्या लांब नाकाच्या प्राण्यांची टोळकी पिशव्या उचकतात, खाऊ हातात धरू नका.

आणि तरी जा! घळीतून बाहेर पडलात की चौथरा, देवळाच्या भिंती, आणि खाली सगळी दरी. तेपोस्तेकात्ल हा पुल्केचा देव, मागेची देवी मायावेलच्या चारशे सशांपैकी एक. प्रत्येक ससा म्हणजे झिंगण्याची एक तऱ्हा. एवढा आनंदी देव असूनही अ‍ॅझ्टेकांकडे दारूचे नियम कडक: तरुणानं तर्र झालं तर मृत्युदंडापर्यंत मजल जाई, म्हाताऱ्यांना मात्र सूट. डोमिनिकन पाद्री दोमिंगो दे ला आनुन्सिआसिओन यांनी इथली मूर्ती कड्यावरून ढकलवली आणि तिचे तुकडे खालच्या चर्चच्या पायात घातले, असं सांगतात. देव त्यानं संपला नाही. ८ सप्टेंबरला मेरीचा जन्मदिवस आणि तेपोस्तेकात्लचा उत्सव गावात एकत्रच होतो. चर्चच्या आवाराच्या कमानीवर दरवर्षी बियांची नवी चित्रं लावतात, मका, राजमा, असंख्य रंगांच्या बिया, आणि त्यात जुने देव असतात. जवळ जाऊन एकेक बी पाहा. या सगळ्या प्रवासात जिवंत देव मला तिथे भेटले, संग्रहालयात नाही.

शाकाहारींसाठी: त्लाकोयो (मक्याच्या पिठाची भरलेली जाड पोळी), भोपळ्याच्या फुलांचा केसादिया (दुमडलेली मक्याची पोळी), नोपाल (निवडुंगाची पानं) हे सगळीकडे मिळतं, पण राजम्यात डुकराची चरबी असते, 'सिन मान्तेका', म्हणजे चरबीशिवाय, म्हणून विचारा. अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. टेक्सासहून येणाऱ्या आपल्या लोकांना हे सोपं पडतं.

तेपोस्त्लानला रविवारी जाऊ नका. गेलात तर उतरताक्षणी परतीचं तिकीट काढून ठेवा, संध्याकाळी सगळं शहर त्याच बसमागे लागतं आणि महामार्गही तुंबतो.