ती दीर्घिका लाल, म्हणजे म्हातारी का?

एप्रिलमधल्या अमावास्येच्या सुमारास आम्ही नागपूरचे दिवे मागे टाकून उमरेडच्या बाजूला दुर्बीण लावतो आणि कन्या राशीतली एम ८७ दाखवतो. साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूरची ही लंबवर्तुळाकार दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, डोळ्याला नुसता राखाडी ठिपका दिसते. हिचा खरा रंग तांबूस आहे असं मी म्हटलं, की कोणीतरी हमखास विचारतं, "ताई, लाल म्हणजे म्हातारी ना?" मागे रांग असताना नीट सांगणं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज निवांत सांगते.

म्हातारी तर आहेच. निळे तारे वजनदार असतात आणि काही कोटी वर्षांतच संपतात. नवे तारे जन्मायचे थांबले की मागे उरतात ते पिवळे-तांबडे. (लाल हा आमच्या बोलण्यातला शब्द, प्रत्यक्षात रंग पिवळट केशरी.)

पण नागपूरच्या कळमना मार्केटात आंबिया बहाराची, म्हणजे पावसाळ्यानंतर येणारी, पहिली संत्री येतात तेव्हाचं आठवा. विकणारा म्हणतो, "वरतून हिरवा हाय जी, आतून गोड हाय." आणि खरंच गोड निघतो. फळ पिकलं तरी रात्रीची थंडी पडल्याशिवाय सालीला रंग चढत नाही. नुसत्या सालीवरून पिकल्याचं सांगता येत नाही, तसं नुसत्या रंगावरून दीर्घिकेचं वयही सांगता येत नाही, कारण तिथे दुसरं कारण असतं धातूंचं. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळ्यांनाच धातू म्हणतात, अगदी ऑक्सिजनलासुद्धा. धातू जास्त असले की तारा थोडा थंड राहतो, शिवाय ते त्याचा निळा प्रकाश शोषतात. गाय वर्दी (Guy Worthey) या खगोलशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये हिशेब मांडला: वय तिप्पट करा किंवा धातू दुप्पट करा, रंग जवळपास सारखाच दिसतो.

मग सोडवायचं कसं? प्रकाशाचा वर्णपट काढून, म्हणजे तो रंगारंगांत पसरवून. त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक जागी काळ्या रेषा दिसतात. हायड्रोजनच्या रेषा मुख्यतः वय सांगतात, मॅग्नेशियम आणि लोखंडाच्या रेषा धातू. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका लहानांपेक्षा जास्त लाल असतात, तेही बरंचसं धातूंमुळेच. सुपरनोव्हांच्या, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यांच्या, स्फोटांनी तापलेला, धातूंनी भरलेला वायू लहान दीर्घिकेला धरून ठेवता येत नाही, तो निसटून जातो. खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड लार्सन यांनी १९७४ मध्येच हे मांडलं होतं. मोठीचं गुरुत्वाकर्षण त्याला निसटू देत नाही, आणि पुढचे तारे त्याच वायूतून घडतात.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते मॅग्नेशियम. ते वजनदार ताऱ्यांच्या स्फोटातून येतं, म्हणजे काही कोटी वर्षांत. लोखंडाचा मोठा वाटा श्वेत बटूंच्या, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्यांच्या मागे उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटातून येतो, आणि त्यांतल्या अनेकांना शंभर कोटी वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. एम ८७ सारख्या दीर्घिकांत लोखंडाच्या मानाने मॅग्नेशियम सूर्यापेक्षा जास्त सापडतं. म्हणजे लोखंड पुरतं यायच्या आतच त्यांचे बहुतेक तारे घडून गेले होते. विश्व तेव्हा कोवळं होतं, आणि एवढ्या अवाढव्य दीर्घिकांनी आपलं तारे घडवण्याचं काम सुरुवातीलाच उरकून टाकलं.